मतिमंद प्रौढांचे निवासी संगोपन : सातारा व सांगली

मतिमंद (सध्याची संज्ञा ‘बौद्धिक अक्षम’) प्रौढांचा सांभाळ सातारा-सांगलीकडे मुख्यतः कुटुंबेच करीत आली. ब्रिटिश हिंदुस्थानातील १९१२ च्या ल्यूनसी ॲक्टने मंदबुद्धी व्यक्तींचाही ‘वेडे’ या संज्ञेत समावेश केला. त्यामुळे सातारा जिल्ह्यातील निराधार मतिमंदांस वेड्यांच्या इस्पितळात धाडणे कायदेशीर ठरले (सांगली हे १९४८ पर्यंत संस्थान होते). १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने मतिमंदत्व मानसिक आजारातून वगळले, हे योग्यच झाले. परंतु पर्यायी निवासाची सोय त्यात नव्हती. वसतिगृहांतील सांभाळाचा दर्जा १९९४ मध्ये चव्हाट्यावर आला. शिरूर (जि. पुणे) येथील शासकीय वसतिगृहातील काही मतिमंद स्त्रियांची गर्भाशये, मासिक पाळीतील स्वच्छतेचे कारण देऊन, शस्त्रक्रियेने काढण्यात आली. राष्ट्रीय न्यास अधिनियमान्वये (१९९९) जिल्ह्याची स्थानिक समिती प्रौढांसही पालक नेमते आणि हेळसांड करणाऱ्या पालकास दूर करू शकते.