बार्तीमी सदन

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराची चर्चा महाराष्ट्रात 1883 या सालापाशी थांबते. त्या वर्षी इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, हे खरे. परंतु ख्रिस्ती धर्म आपणांस लाभला, ख्रिस्त मात्र लाभला नव्हता, अशी कबुली त्यांनी स्वतःच पुढे 1907 च्या आत्मकथनात दिली आहे. ती ओळख पटण्यास आणखी सुमारे आठ वर्षे लागली. बुद्धीला पटणे निराळे आणि दिसणे निराळे, हा भेद त्यांच्याइतक्या प्रांजळपणे क्वचितच कोणी मांडला असेल.

केडगावच्या मुक्ती सदनात अंध स्त्रियांसाठी जो विभाग होता, त्याचे नाव बार्तीमी सदन. मार्कच्या शुभवर्तमानातील बार्तीमय हा यरीहोच्या वाटेवरचा आंधळा भिकारी. डोळस लोक त्याला गप्प बसवीत होते. त्याने मात्र येशूला 'दावीदपुत्र' म्हणून हाक मारली. म्हणजे डोळे उघडण्यापूर्वीच त्याने ओळखले होते. ख्रिस्ती परंपरेत विश्वासाला दृष्टी म्हणतात ती याच अर्थाने. आपल्याकडे 'अंध' हे विशेषण श्रद्धेला सहज चिकटते. येथे क्रम अगदी उलटा आहे.

तेथे कन्या मनोरमाबाई अंध स्त्रियांना ब्रेल शिकवीत. पुढे 1912 च्या सुमारास मायलेकींनी निजामाच्या राज्यात, गुलबर्ग्यास, मुलींची शाळा काढली. 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या, 1922 मध्ये रमाबाई. दिलसुखनगरातून पुण्यास निघालेल्या आपल्या कुटुंबांची आगगाडी आजही आधी गुलबर्गा आणि मग केडगाव ओलांडते.