साडेतीन आण्यांचा तिरंगा

स्वतंत्र भारताचं पहिलं टपाल तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघालं. किंमत साडेतीन आणे, फडकता तिरंगा, वरच्या कोपऱ्यात ‘जय हिंद’. छापलेली तारीख मात्र १५ ऑगस्टची. उत्साहाच्या भरात काढलेलं शोभेचं चित्र म्हणून त्याच्याकडे पाहिलं जातं. मला त्यामागे पक्का विचार दिसतो. साडेतीन आणे हा परदेशी पत्राचा दर होता; म्हणजे तिरंगा आधी जगाच्या हाती पडावा. देशातल्या पत्रांसाठी दीड आण्याचं तिकीट १५ डिसेंबरला आलं, त्यावर सारनाथचे सिंह. सोबत बारा आण्यांचं, त्यावर विमान. राजा कुठेच नव्हता.

हे राजाचं नसणं केवढं मोठं, ते मागे गेल्यावर कळतं. १८५२ साली बार्टल फ्रिअरने सिंधमध्ये अर्ध्या आण्याची ‘सिंध डाक’ काढली. गोल, ठसा उठवलेली. लाखेवरची तर हाताळताना तडकायची. तिच्यावर चेहरा नव्हता, ईस्ट इंडिया कंपनीची व्यापारी खूण होती. चेहरा आला १८५४ मध्ये, व्हिक्टोरिया राणीचा, आणि पुढे गादीवर बसेल त्याचा. छपाई लंडनहून नाशिकला आली तरी तो हलला नाही. १९३१ साली नव्या दिल्लीच्या इमारती तिकिटांवर झळकल्या, तेव्हाही शेजारी पंचम जॉर्ज होतेच.

कोणी म्हणेल, सत्ता गेली तिथे चित्रही जाणारच, त्यात विचार कसला? पण कायद्याने सहावे जॉर्ज २६ जानेवारी १९५० पर्यंत भारताचेही राजे होते. पाकिस्तानने १ ऑक्टोबर १९४७ ला त्यांच्याच चित्राच्या तिकिटांवर ‘पाकिस्तान’ असा छापा मारून काम भागवलं. भारतालाही ती वाट मोकळी होती. जुनी तिकिटं चाललीही, पण नवी काढताना राजाला जागा दिली नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: १५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची चार तिकिटं निघाली, म्हणजे चेहरा परत आलाच की! ती स्वित्झर्लंडमध्ये छापून घेतली, हे मला आजही खटकतं. तरीही नागरी आणि उर्दू लिपीत ‘बापू’ लिहिलेला तो चेहरा कुठल्या गादीचा नव्हता. त्या माणसाने स्वतंत्र भारतात एकही सरकारी पद घेतलं नव्हतं. आणि सारनाथचे सिंह? ते अधिकृत राष्ट्रचिन्ह झाले २६ जानेवारी १९५० ला. दीड आण्याच्या तिकिटावर ते त्याआधी दोन वर्षं देशभर फिरत होते.