पुढचा ब्रेक

सायकल शिकताना वडिलांनी मला पहिली ताकीद दिली ती अशी: 'पुढचा ब्रेक दाबायचा नाही, तोंडावर आपटशील.' तुमच्यापैकी अनेकांनी ती ऐकली असेल. मी ती पंधरा-वीस वर्षे इमानेइतबारे पाळली आणि त्यापायी एकदा जवळजवळ जीव गमावला.

१९७४ च्या जुलैतली गोष्ट. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून पुण्याकडे उतरत होतो. काळी, भारदस्त, रॉडच्या ब्रेकची सायकल, वर पावसाची झड. पहिल्या वळणावर मागचा ब्रेक ओढला तर चाक फिरतेच आहे! पुढच्याला हात लावायची छाती होईना. शेवटी पायातली चप्पल रस्त्याला घासत करवंदीच्या जाळीत शिरलो. चप्पल गेली, कोपर सोलले, बाकी निभावले.

ही ताकीद आली कुठून, याचा शोध मी पुढे बरीच वर्षे घेतला. माझा तर्क असा, की तिचे मूळ १८७० च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये आहे. त्या काळची सायकल म्हणजे पुढे पाच फुटांपर्यंतचे अवाढव्य चाक आणि मागे एक चिमुकले. स्वार बसायचा थेट मोठ्या चाकाच्या डोक्यावर. ब्रेक म्हणजे चमच्यासारखी लोखंडी पट्टी. ती पुढच्या भरीव रबरी टायरवर वरून दाबायची. जरा जास्त दाबली, की मागचे चाक उचलले जायचे आणि स्वार डोक्यावर आपटायचा. हे इतके नेहमीचे, की उतारावर काहीजण दोन्ही पाय हँडलच्या पुढे टाकून बसत. पडायचेच, तर निदान पायांवर पडू! त्या सायकलवर पुढच्या ब्रेकची भीती रास्तच होती.

१८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने 'रोव्हर' आणली. जवळजवळ सारखी दोन चाके, मागच्या चाकाला साखळी, आणि स्वार दोन्हींच्या मध्ये, बुटका. १८८८ मध्ये डनलॉपचा हवेचा टायर आला. त्यावर लोखंडी चमचा घासला तर टायरच झिजणार, म्हणून ब्रेक सरकला रिमवर. सायकल बदलली, ब्रेक बदलला. ताकीद मात्र राहिली.

खरे तर ब्रेक दाबताच वजन पुढे झुकते. मागचे चाक हलके होऊन घसरते आणि पुढचे रस्त्याला घट्ट चिकटते. कोरड्या रस्त्यावर नुसत्या मागच्या ब्रेकला जेवढे अंतर लागते, त्याच्या साधारण निम्म्यात पुढचा थांबवतो. मात्र तो हळूहळू आवळायचा, हात ताठ ठेवून, बूड मागे सरकवून. आणि वळणाच्या आधी, वळणात नव्हे.

पावसाचे प्रकरण वेगळे. आपल्या सायकलींची रिम चकचकीत क्रोमची. ओल्या क्रोमवर रबराची पकड इतकी कमी होते, की ब्रेक असून नसल्यासारखा. ॲल्युमिनियमची रिम बरी. पण तिलाही पाणी पुसायला क्षणभर लागतोच. तो क्षण किती महाग पडतो, ते १९७१ च्या 'टूर द फ्रान्स'मध्ये दिसले. १२ जुलैला पिरेनीज पर्वतातल्या मेंते घाटाच्या उतारावर वादळ कोसळले. पिवळी जर्सी स्पेनच्या लुइस ओकान्याच्या अंगावर होती आणि एडी मर्क्स त्याच्या सात मिनिटांहून अधिक मागे. मर्क्स जीव खाऊन उतरत होता. एका वळणावर तो घसरला, पाठोपाठ ओकान्याही. मर्क्स उठून निघाला. ओकान्यावर मात्र मागून येणारे आदळले. त्याला हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावे लागले. दुसऱ्या दिवशी मर्क्सने पिवळी जर्सी घालायला नकार दिला. ओकान्याने ती स्पर्धा जिंकली, पण १९७३ मध्ये.

ओल्या रिमवरचा पक्का इलाज म्हणजे रिम सोडून देणे. मोटारसारखा डिस्क ब्रेक चाकाच्या मध्याशी पकडतो. तिथे चिखलपाणी कमी पोचते. रस्त्यावरच्या शर्यतींत त्याला पूर्ण परवानगी मिळायला २०१८ साल उजाडले. शर्यतवाल्यांचा हट्टही आमच्या वडिलांसारखाच!

मी काय केले? कात्रजनंतर ॲल्युमिनियमच्या रिम बसवल्या, ब्रेकची रबरे काचपेपरने घासून रिमला नीट समांतर लावली. पावसात वळणाच्या बरेच आधी दोन्ही ब्रेक हलके टेकवून पाणी पुसायची सवय लावली. आणि चाळिशीजवळ आलेला मी, एका रिकाम्या मैदानावर रोज सकाळी पुढचा ब्रेक दाबायला शिकलो. बघणारी पोरे हसत. आठ-दहा दिवसांनी बोटांतली भीती गेली.

गेल्या वर्षी नातीला सायकल घेतली. पहिल्याच दिवशी मी तिला म्हटले, 'उजव्या हाताचा तो पुढचा. आधी त्याच्याशी ओळख कर.' मागून माझी बहीण ओरडली, 'अरे, पडेल ना ती तोंडावर!'