‘एक बीअर’ म्हणजे नेमकी किती? क्राफ्ट बीअरच्या बदलत्या चवीचा इतिहास

बीअर म्हणजे हलकी, ती काही दारू नव्हे, असं अनेकांना वाटतं. किती घेता असं विचारलं की उत्तर बाटल्यांच्या हिशेबात येतं. पण गेल्या 50 वर्षांत बाटलीतली बीअर बरीच बदलली. का बदलली, हे अमेरिकेतल्या क्राफ्ट बीअरच्या, म्हणजे छोट्या ब्रुअरींनी चवीवर भर देऊन बनवलेल्या बीअरच्या, इतिहासातून चांगलं समजतं.

फिकट बीअरचे दिवस

अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती. तिच्यात असंख्य छोट्या ब्रुअरी बुडाल्या. पुढे मोठ्या कंपन्यांनी बाजार व्यापला आणि सगळीकडे जवळपास एकाच चवीची फिकट लागर मिळू लागली. 1970च्या दशकाच्या शेवटी देशात 100 ब्रुअरीही उरल्या नव्हत्या.

या एकसुरीपणाला कंटाळलेल्यांनी वेगळी वाट धरली. 1965 मध्ये फ्रिट्झ मेटॅग यांनी सॅन फ्रान्सिस्कोची डबघाईला आलेली अँकर ब्रुअरी वाचवली. 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरी बीअर बनवायला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली. 1980 मध्ये केन ग्रॉसमन यांच्या सिएरा नेवाडा ब्रुअरीने कॅलिफोर्नियात पेल एल बनवायला घेतली. तिच्यात कॅस्केड जातीचे हॉप्स भरपूर होते. हॉप्स म्हणजे बीअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलीची फुलं. या बीअरमध्ये अल्कोहोल साधारण 5.6 टक्के.

जास्त कडू, म्हणून जास्त कडक

कडू चव आपल्याला जन्मतः नकोशी असते, कारण निसर्गात ती अनेकदा विषाची खूण असते. पण तीच चव पुन्हा पुन्हा घेतली की अंगवळणी पडते आणि आवडूही लागते. चहा-कॉफीचं असंच होतं. बीअरच्या शौकिनांना आणखी कडू हवी झाली.

इथे खरी मेख आहे. हॉप्स वाढवले की कडवटपणा सांभाळायला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू, वाढवावं लागतं. माल्ट वाढलं की साखर वाढते आणि यीस्ट त्या साखरेचं अल्कोहोल करतं. 1994 मध्ये विनी सिलर्झो यांनी डबल आयपीए बनवली. त्यांच्याच पुढच्या ‘प्लायनी द एल्डर’मध्ये 8 टक्के अल्कोहोल आहे. ‘प्लायनी द यंगर’ त्याहून कडक आणि वर्षातून थोडेच दिवस मिळणारी. तिच्यासाठी लोक तासन्‌तास रांगा लावतात. इंडियानातल्या थ्री फ्लॉइड्सची ‘डार्क लॉर्ड’ तर 15 टक्क्यांच्या आसपास. शौकीन अशा दुर्मिळ बाटल्या जमवू लागले, आपसात अदलाबदल करू लागले.

नंतर चव पुन्हा फिरली. कमी कडू, फळांच्या रसासारखी लागणारी गढूळ ‘हेझी’ आयपीए आली. 2018 मध्ये अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनने तिला स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता दिली. पण कडूपणा उतरला तरी अल्कोहोल उतरलंच असं नाही. अशा अनेक बीअर 6 ते 8 टक्क्यांच्या असतात. गोडसर लागते म्हणून ती हलकी, असा समज करून घेऊ नका.

तुमच्या ग्लासात किती?

हिशेब सोपा आहे. मिलिलिटर गुणिले टक्केवारी, भागिले 100, गुणिले 0.8. उत्तर येतं ते अल्कोहोलचे ग्रॅम.

- 330 मिली, 5 टक्के: सुमारे 13 ग्रॅम
- 473 मिली, 8 टक्के (अमेरिकेतला आयपीएचा मोठा कॅन): सुमारे 30 ग्रॅम
- 650 मिली, 8 टक्के (आपल्याकडची स्ट्राँग बीअरची मोठी बाटली): सुमारे 42 ग्रॅम

अमेरिकेत एक ‘ड्रिंक’ 14 ग्रॅमचं धरतात. म्हणजे आपली ‘एक बीअर’ प्रत्यक्षात तीन ड्रिंक्स होते. पुण्यात 2009 मध्ये डूलाली सुरू झाली आणि आपल्याकडेही ताज्या क्राफ्ट बीअरची आवड वाढली. तिथेही ग्लास मागवण्याआधी टक्केवारी विचारावी.

यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम अल्कोहोलच हाताळू शकतं. लिंबूपाणी, जेवण किंवा आंघोळ यांनी हा वेग फारसा वाढत नाही. बीअरमधलं अल्कोहोल व्हिस्कीतल्या अल्कोहोलपेक्षा सौम्य नसतं. कर्करोगाच्या बाबतीत अल्कोहोलची कोणतीही मात्रा पूर्ण सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं. शिवाय बीअरने युरिक ॲसिड वाढतं, त्यामुळे गाऊटच्या रुग्णांना ती विशेष त्रासदायक. यकृताचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ती टाळावीच.

चांगली गोष्ट म्हणजे आता बिनअल्कोहोलच्या क्राफ्ट बीअरलाही मागणी वाढते आहे. मात्र मधुमेहींनी तिच्यातलं कर्बोदकांचं प्रमाण लेबलवर पाहावं.

पुढच्या वेळी डॉक्टरांना बाटल्यांची संख्या सांगू नका. किती मिली, किती टक्के आणि आठवड्यातून किती वेळा, हे सांगा. तपासण्या आणि औषधं ठरवताना त्याचा थेट उपयोग होतो.