साडेतीन तारे आले कुठून?

‘कसा होता पिक्चर?’ या प्रश्नाला ‘पैसा वसूल’, ‘टाइमपास’ नाहीतर ‘एकदा बघायला हरकत नाही’ अशी उत्तरं मिळायची. हल्ली ‘तीन देईन’ असंही उत्तर येतं. तीन काय, कितीपैकी, हे कुणी विचारत नाही. तारे सगळ्यांच्या इतके अंगवळणी पडलेत. पण हा तारा मुळात सिनेमाचा नाही. तो घाईतल्या प्रवाशाचा.

मारियाना स्टार्क या इंग्रज बाईंचं युरोपप्रवासाचं मार्गदर्शक पुस्तक जॉन मरे या लंडनच्या प्रकाशकाने 1820 मध्ये काढलं. इटलीतल्या दालनांत चित्रं शेकड्याने आणि पाहुण्याकडे वेळ थोडा. म्हणून बाईंनी चित्रांच्या नावांपुढे उद्गारचिन्हं लावली. चित्र जितकं मोलाचं, तितकी चिन्हं जास्त. पुढे 1840 च्या दशकात कोब्लेन्झच्या कार्ल बेडेकरने आपल्या मार्गदर्शिकांत त्याच कामासाठी तारा वापरला. टायर विकणाऱ्या मिशलिन कंपनीने 1926 मध्ये तो खानावळींना लावला आणि 1931 मध्ये एक-दोन-तीन अशी चढण बांधली. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जा, तीन म्हणजे तेवढ्यासाठीच प्रवास करा. गाडी जास्त पळाली की टायर जास्त झिजणार, हे उघडच होतं.

या सगळ्यांत तारा कौतुकाचाच होता. ज्याला तो नाही त्याची कुणी निंदा केलेली नसे, नुसतं पुढे जायचं. अमेरिकेत एडवर्ड ओब्रायन यांनी 1915 पासूनच्या आपल्या लघुकथासंग्रहांत मासिकांतल्या कथांच्या नावांपुढे एक ते तीन फुल्या मारल्या, तिथेही सूर निवडीचाच होता.

सिनेमाने ताऱ्याचा स्वभाव बदलला. 31 जुलै 1928 रोजी न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये आयरीन थायरर यांनी ‘द पोर्ट ऑफ मिसिंग गर्ल्स’ या चित्रपटाला एक तारा दिला आणि वाचकांना हिशेबही समजावला: तीन म्हणजे उत्तम, दोन म्हणजे चांगला, एक म्हणजे बेताचा आणि एकही नसेल तर सिनेमा वाईट. माझ्या मते खरं वळण इथे आहे. बेडेकरच्या पानावर तारा नसणं म्हणजे मौन होतं. थायरर यांच्या स्तंभात ती शिक्षा झाली. एक ताराही आता कौतुकाचा उरला नाही. बेताच्या सिनेमाच्या गळ्यात पडणारी ती पाटी झाली.

पॅरिसच्या ‘काहिए द्यू सिनेमा’ या मासिकाने 1950 च्या दशकात दहा समीक्षकांची एक सभाच भरवली. उभ्या बाजूला चित्रपट, आडव्या बाजूला समीक्षकांची नावं आणि चौकटींत तारे. चार म्हणजे श्रेष्ठ कलाकृती. काळा ठिपका म्हणजे जाण्याची तसदी घेऊ नका. मला हा तक्ता सगळ्यांत प्रामाणिक वाटतो, कारण त्याने सरासरी काढली नाही. एकाच सिनेमासमोर चार तारे आणि काळा ठिपका शेजारी शेजारी बसू शकत होते, आणि कोण कुणाशी भांडतंय ते वाचकाला दिसत होतं.

अमेरिकेत लेनर्ड माल्टिन यांचा 1969 पासूनचा परीक्षणांचा जाडजूड संग्रह घरोघरी टीव्हीजवळ असे. त्यात तारे चारापर्यंत होते आणि सगळ्यांत खाली थेट ‘बॉम्ब’. ‘इझन्ट इट रोमॅन्टिक?’ या 1948 च्या चित्रपटावर माल्टिन यांचं परीक्षण एका शब्दाचं होतं: ‘नाही.’ ‘ब्लेड रनर’ला मात्र त्यांनी दीडच तारा दिला, आणि त्या सिनेमाचे चाहते ते अजून विसरलेले नाहीत. समीक्षक रॉजर ईबर्ट सांगून थकले की तारे सापेक्ष असतात; मारधाडीच्या सिनेमाची तुलना मारधाडीच्याच सिनेमाशी करा. लोकांच्या लक्षात राहिला तो त्यांचा आणि टीव्हीवरचे जोडीदार जीन सिस्केल यांचा वर केलेला अंगठा.

आपल्याकडे बाबूराव पटेलांच्या मुंबईतल्या ‘फिल्मइंडिया’ मासिकाचे वाचक बाबूराव कुणाला कसं झोडपतात हे चवीने वाचत. तो दाह कुठल्या आकड्यात मावणार? आज वर्तमानपत्रांत ‘साडेतीन’ सर्रास दिसतो आणि तो आपल्याला परका वाटत नाही. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठं साडेतीन, पेशवाईतले शहाणेही साडेतीन! समीक्षकाला चार द्यायला धीर होत नाही आणि तीन देऊन दुखवायचं नसतं, तेव्हा हा अर्धा कामी येतो.

1998 मध्ये सेन्ह डुओंग या बर्कलीच्या विद्यार्थ्याने ‘रॉटन टोमॅटोज’ हे संकेतस्थळ सुरू केलं. तो जॅकी चॅनचा भक्त. ‘रश अवर’ येणार म्हणून चॅनच्या सिनेमांवरची परीक्षणं गोळा करायला लागला. तिथली टक्केवारी सिनेमा किती आवडला हे सांगत नाही, किती समीक्षकांना आवडला एवढंच सांगते. 60 टक्क्यांना टोमॅटो ताजा. सगळ्यांनी ‘बरा आहे’ म्हटलं तरी शंभर!

ऑकलंडमध्ये 2011 साली सुरू झालेल्या ‘लेटरबॉक्स्ड’ या संकेतस्थळाने तारे प्रेक्षकाच्याच हाती दिले, अर्ध्यापासून पाचापर्यंत. थायरर यांचं शून्य तिथे देताच येत नाही. कितीही चिडलात तरी अर्धा तारा पदरात घालावाच लागतो, आणि तोही द्यायचा नसेल तर रकाना कोरा ठेवायचा. त्या कोऱ्या रकान्यातून सिनेमा भिकार होता की बघताना झोप लागली, हे कुणालाच कळत नाही.