पंच, पायऱ्या आणि सोळा माणसं

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉलची टीम निवडायची नसते, ती पेठेबरोबरच मिळते. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून मी खेळाचे नियम शिकलो, पण त्याच्या आधी पंचाला घालायच्या शिव्या शिकलो. आपला खेळाडू पडला की फाऊल, समोरचा पडला की नाटक. मॅच हरलो की घरी पोचेपर्यंत आमचा निकाल लागलेला असायचा : पंचानं हरवलं. यात काही चुकतंय असं मला कधीच वाटलं नाही.

पुढे नोकरीसाठी पुण्यात आलो. फ्लॅटमध्ये एक बंगाली मित्र रूममेट म्हणून मिळाला. कट्टर ईस्ट बंगालवाला. एका संध्याकाळी आम्ही कोलकाता डर्बी मोबाईलवर बघत होतो. ईस्ट बंगालचा एक गोल ऑफसाइड म्हणून नाकारला गेला आणि पठ्ठ्या पेटला. मॅच संपल्यावर तासभर तो स्क्रीनशॉटवर रेघा ओढत होता. मीही त्याच्या बाजूने हिरीरीने उतरलो होतो. तेवढ्यात कोलकात्याहून त्याच्या बाबांचा फोन आला. यानं त्यांनाही तीच कॅसेट लावली. बाबा बंगालीत दोनच वाक्यं बोलले आणि हा एकदम गप्प झाला. नंतर त्यानं मला त्याचा अर्थ सांगितला : "रेफरी उद्याही चुकेल. मी ईडनवरून अनवाणी घरी आलो होतो, ते विसरू नकोस."

ते कोणत्या दिवसाबद्दल बोलत होते, ते मी त्या रात्री वाचत बसलो. तारीख होती १६ ऑगस्ट १९८०.

वाद आधी, क्लब नंतर

मोहन बागान हा क्लब १८८९चा. १९११ साली त्यांनी आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ने हरवलं. भारतीय टीमने गोऱ्या पलटणीला हरवून शील्ड जिंकण्याची ती पहिलीच वेळ. त्या दिवसापासून मोहन बागान हा नुसता क्लब राहिला नाही.

ईस्ट बंगालचा जन्म मात्र एका भांडणातून झाला. जुलै १९२०मध्ये जोडाबागान आणि मोहन बागान यांच्यात सामना होता. जोडाबागानने शैलेश बोस या खेळाडूला टीममधून वगळलं. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी यांनी कारण विचारलं, त्यांना ते मिळालं नाही. शैलेश पूर्व बंगालचा म्हणून वगळला गेला, अशी भावना पसरली. चौधरींनी क्लब सोडला आणि १ ऑगस्ट १९२०ला सहकाऱ्यांसोबत नवा क्लब काढला. नावातच पत्ता होता : ईस्ट बंगाल.

मूळचे पश्चिम बंगालचे ते 'घोटी', पूर्वेकडून आलेले ते 'बांगाल'. १९४७ला फाळणी झाली आणि या गमतीच्या भेदाला वेगळीच धार आली. लाखो माणसं घरदार, शेती, नदी मागे टाकून कोलकात्यात आली. स्टेशनांवर आणि कॉलन्यांमध्ये राहू लागली. त्यांच्याकडे हक्काची जी मोजकी ठिकाणं होती, त्यांत एक लाल-सोनेरी जर्सी होती. ईस्ट बंगाल जिंकलं की बाजारात हिलसा, मोहन बागान जिंकलं की कोळंबी, हे आपण कौतुकाने ऐकतो. पण त्या माशाच्या मागे गाव गमावलेली माणसं उभी होती, हे विसरलं की डर्बी कळत नाही. १९७५च्या शील्ड फायनलमध्ये ईस्ट बंगालने ५-० असा विजय मिळवला, तेव्हा मोहन बागानच्या एका तरुण समर्थकाने आत्महत्या केली होती. इतकं ओझं अंगावर घेऊन माणसं पायऱ्यांवर बसायची. आणि हा सगळा भार शेवटी येऊन पडायचा शिट्टी घेतलेल्या एका माणसावर.

शिट्टीवाला माणूस

हा माणूस खेळात मुळात नव्हताच. सुरुवातीच्या काळात इंग्लंडमध्ये प्रत्येक टीमचा एक, असे दोन अम्पायर असायचे. त्यांचं एकमत झालं नाही, तर बाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्याला विचारायचं. वाद ज्याच्याकडे 'रेफर' करायचा, तो रेफरी. १८९१मध्ये त्याला मैदानाच्या आत आणलं आणि अम्पायर कडेला जाऊन लाइनमन झाले. म्हणजे पंच हा वादातूनच जन्मला. वाद संपवण्यासाठी त्याला आत घेतलं आणि तेव्हापासून वाद त्याच्यावरच सुरू झाला.

कार्डांची गोष्टही अशीच. २३ जुलै १९६६, वेम्बली, वर्ल्डकपची उपांत्यपूर्व फेरी, इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. जर्मन रेफरी रुडॉल्फ क्राइटलाइनने अर्जेंटिनाचा कॅप्टन रातीन याला बाहेर जायला सांगितलं. रातीनला जर्मन येत नव्हतं, रेफरीला स्पॅनिश येत नव्हतं. रातीन कॅप्टनची पट्टी दाखवत दुभाषा मागत राहिला आणि कित्येक मिनिटं मैदान सोडेना. अर्जेंटिनात ती मॅच चोरी म्हणूनच आठवली जाते. त्या स्पर्धेतल्या रेफरींचे प्रमुख होते केन ॲस्टन. लंडनमध्ये गाडी चालवताना ते सिग्नलला थांबले आणि त्यांना सुचलं : पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे थांब. भाषा कुठलीही असो, रंग सगळ्यांना कळतो. १९७०च्या मेक्सिको वर्ल्डकपपासून कार्डं आली.

इंजिनिअर म्हणून मला ही गोष्ट फार आवडते. कुणाला दोष न देता त्यांनी संवादातला बिघाड शोधला आणि खिशात मावणारा उपाय काढला. पण रंग फक्त निर्णय सांगतो. तो पटवून देण्याचं काम त्याच्याकडून होत नाही.

१६ ऑगस्ट १९८०

शनिवार होता. स्वातंत्र्यदिनाचा दुसरा दिवस. ईडन गार्डन्सवर कलकत्ता लीगमधली मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल मॅच. त्याच वर्षी फेडरेशन कपच्या फायनलमध्ये दोघांची बरोबरी झाली होती आणि कप विभागून दिला होता. म्हणजे हिशोब अर्धवट राहिलेला. ईस्ट बंगालकडे इराणहून आलेला मजीद बिश्कार होता, त्याच्या खेळाने शहर वेडं झालं होतं.

मोहन बागानचा डाव्या बगलेवरचा वेगवान खेळाडू बिदेश बोस. त्याला रोखायचं काम ईस्ट बंगालच्या दिलीप पालितकडे. दोघांत सुरुवातीपासून झटापट चालू होती. दुसऱ्या हाफमध्ये पालितने बिदेशला पाडलं, बिदेशने उठून उलट वार केला. पंच सुधीन चॅटर्जी यांनी दोघांनाही बाहेर काढलं.

नियमाने बघितलं तर यात विचित्र काही नाही. पण गॅलरीतून बघणाऱ्या दोन्ही बाजूंना आपल्यावर अन्याय झाला असं वाटू शकेल, असा हा निर्णय होता. बागानवाले म्हणणार, मार खाल्ला त्यालाच शिक्षा. ईस्ट बंगालवाले म्हणणार, फाऊल हा खेळाचा भाग, हात उचलणं नाही. पंचाने सुरुवातीलाच आवर घातला असता तर पुढचं टळलं असतं, हे तिसरं मत. ते आजही ऐकू येतं. माझ्या मित्राच्या बाबांचंही तेच मत आहे.

पुढचं मैदानावर घडलं नाही, स्टँडमध्ये घडलं. दोन्ही क्लबांचे समर्थक एकाच स्टँडमध्ये मिसळून बसले होते. दगड, बाटल्या सुरू झाल्या. मारामारी टाळायला माणसं पळाली. पळायला अरुंद जिने आणि अरुंद दारं. वरून येणारा लोंढा खाली अडकलेल्यांवर आला. कुणी पडलं, त्यावरून बाकीचे गेले. मैदानावर खेळ चालूच होता. संध्याकाळपर्यंत सोळा जण गेलेले होते. दोन्ही क्लबांचे. मॅच बघायला घरून निघालेली पोरं.

मित्राचे बाबा तेव्हा कॉलेजात होते. त्यांना आठवतं ते एवढंच, की पाय जमिनीला लागत नव्हते, गर्दीच त्यांना घेऊन जात होती. चपला कधी गेल्या ते कळलं नाही. मॅचचा स्कोअर त्यांना आठवत नाही.

मन्ना डे यांनी या घटनेवर गाणं गायलं, ते बंगालमध्ये अजून ऐकलं जातं. १६ ऑगस्ट हा दिवस तिथे फुटबॉलप्रेमी दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी रक्तदान शिबिर होतं. अलीकडे या तारखेवर राजकारणही चढलंय, पण तो विषय वेगळा.

लिमाची बंद दारं

सोळा वर्षं आधी, २४ मे १९६४ला, पेरूच्या लिमा शहरात असंच घडलं होतं, कितीतरी मोठ्या प्रमाणावर. ऑलिंपिकची पात्रता फेरी, पेरू विरुद्ध अर्जेंटिना. अर्जेंटिना १-०ने पुढे. शेवटच्या मिनिटांत पेरूने बरोबरी साधली आणि उरुग्वेचे रेफरी पाझोस यांनी तो गोल नाकारला. एक प्रेक्षक मैदानात घुसला, मग दुसरा. पोलिसांनी त्याला मारलेलं लोकांनी पाहिलं आणि स्टेडियम भडकलं. पोलिसांनी थेट स्टँडमध्ये अश्रुधूर सोडला. लोक जिन्यांवरून खाली धावले, तर तळाशी लोखंडी शटर बंद. मागचे ढकलत राहिले. अधिकृत आकडा ३२८. बहुतेक जण गुदमरून गेले.

'रेफरीने गोल नाकारला आणि ३२८ माणसं मेली', असं एका ओळीत लिहिता येतं. ती ओळ खोटी नाही, पण तिच्यातून शटर गायब होतं. अश्रुधूर गायब होतो. शटर उघडं असतं, तर तो नाकारलेला गोल पेरूच्या हॉटेलांमध्ये चघळायचा एक विषय झाला असता, बाकी काही नाही.

कुणाच्या नावावर टाकायचं?

आमच्या कामात सर्व्हर कोसळला की दुसऱ्या दिवशी 'पोस्टमॉर्टेम' लिहायचं असतं. चांगल्या टीममध्ये त्याचा एक नियम असतो : माणसाचं नाव लिहायचं नाही. 'अमक्यानं चुकीची कमांड दिली' यावर थांबलं, की शोध तिथेच संपतो. खरा प्रश्न पुढचा असतो. एका चुकीच्या कमांडने सगळं कोसळावं अशी रचना कुणी आणि का ठेवली? माणूस चुकणार हे धरूनच सिस्टिम बांधायची असते.

मी स्वतः हा नियम धडा घेऊन शिकलो. पहिल्या नोकरीत माझ्या हातून डेटाबेसमधला एक टेबल उडाला. मीटिंगमध्ये माझं नाव तीन वेळा घेतलं गेलं, सगळ्यांना बरं वाटलं, आणि बॅकअपचा प्रश्न तसाच राहिला. चार महिन्यांनी तसाच टेबल दुसऱ्याच्या हातून उडाला.

ईडनचंही मला तसंच वाटतं. पालितची चूक, बिदेशचा राग, चॅटर्जींचा उशीर, यावर हवा तेवढा वाद घालावा. पण पंच चुकणार, खेळाडू चिडणार, हे डर्बीत गृहीतच धरायला हवं. दोन्ही बाजूंचे लोक एकत्र बसवणं, वरच्या स्टँडला अरुंद जिने ठेवणं, गर्दी सुटली तर कुठून जाईल याचा विचार न करणं, हे निर्णय शिट्टी वाजण्याआधी कितीतरी दिवस घेतलेले होते. त्या निर्णयांवर गॅलरीतून कुणी शिवी घातली नाही, कारण ते कुणाला दिसतच नव्हते. पंच दिसतो. म्हणून तो सोयीचा असतो.

याचा अर्थ प्रेक्षक निर्दोष असा नाही. दगड जिन्याने उचलला नव्हता. ९ डिसेंबर २०१२ला सॉल्ट लेक स्टेडियमवरच्या डर्बीत हेच पुन्हा दिसलं. पंचांशी वाद घातल्याबद्दल मोहन बागानच्या ओडाफाला लाल कार्ड मिळालं, गॅलरीतून दगडफेक झाली आणि त्यांच्याच रहीम नबीच्या चेहऱ्यावर दगड बसला. म्हणजे पंचावरचा राग आपल्याच खेळाडूला लागला. मोहन बागान दुसऱ्या हाफला उतरलंच नाही. आय-लीगमधून दोन वर्षांची बंदी आली, पुढे ती मागे घेऊन दोन कोटींचा दंड झाला. या वेळी कुणी मेलं नाही. बत्तीस वर्षांत माणसाचा राग कमी झाला म्हणून हे घडलं, असं मला वाटत नाही. जागा मोठी होती, एवढाच फरक मला दिसतो.

आता व्हीएआर आलंय. २०१८पासून ते नियमांच्या पुस्तकात आहे. वाद संपलेत का? आम्ही आता मिलिमीटरवर भांडतो. भांडावंच. पंचावर वाद घालणं हा या खेळाचा निम्मा आनंद आहे, आणि मी तो सोडणार नाही. फक्त तो वाद सगळ्यांनी धडपणे घरी पोचल्यावर चहासोबत व्हावा.

मागच्या सुट्टीत कोल्हापूरला गेलो तेव्हा रूममेटला घेऊन मॅच बघायला गेलो. पायऱ्यांवर जागा पकडली, भडंगाची पुडी उघडली. त्यानं बसण्याआधी एकदा मागे वळून पाहिलं आणि विचारलं, "बाहेर जायची वाट कुठली?"

वीस वर्षं मी त्या पायऱ्यांवर बसतोय. मला पटकन सांगता आलं नाही.