पेव, बळद आणि अडगळ

देऊळगाव राजा येथील आमच्या जुन्या घराच्या माजघरात, देवघराच्या डाव्या अंगास, सागवानी फळ्यांचे एक झाकण जमिनीत बसविलेले आहे, आणि ते उचलून आठ दगडी पायऱ्या उतरले असता ज्या अंधाऱ्या खोलीत आपण पोहोचतो तिला आमच्या घरातील तीन पिढ्यांनी तीन निरनिराळी नावे दिली. आजोबा तिला बळद म्हणत. वडील तळघर म्हणत. आम्ही भावंडे सरळ अडगळीची खोली म्हणत आलो. काटेकोरपणे बोलावयाचे तर बळद म्हणजे खोलीचा एक भाग भिंत घालून धान्यासाठी तोडून काढलेला कोठा. पण तसा कोठा आमच्याकडे तळघरातच असल्यामुळे त्याचे नाव साऱ्या खोलीस पडले असावे. या तीन नावांत वऱ्हाडचा दीडदोनशे वर्षांचा इतिहास ओळीने मांडून ठेवलेला आहे, हे मात्र ती खोली उपसावयास घेईपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

निमित्त झाले ते आश्विनातल्या बालाजीच्या यात्रेचे. पाहुणे येणार, अंथरुणे-पांघरुणे ठेवावयास जागा नाही, आणि घराखाली एवढी थोरली खोली मात्र कोणाच्याच उपयोगाची नाही, अशी वहिनींची रास्त तक्रार होती. हे काम घरच्या माणसाने एकट्याने करू नये असे माझे मत आहे, आणि ते श्रमांच्या भयाने बनलेले नाही. घरच्या माणसाच्या हाती जी वस्तू येते तिला एखादी मावशी, एखादे लग्न, एखादे आजारपण चिकटलेले असते, आणि संध्याकाळपर्यंत तो त्या वस्तू केवळ एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवतो. म्हणून जालन्याच्या एका शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या माझ्या स्नेह्यास मी बोलावून घेतले. त्याला आमच्या मावश्या ठाऊक नव्हत्या, हीच त्याची पात्रता.

पहिल्या दिवशी वर आलेल्या जिनसा पाहता पाहता अंगण भरून गेले. दोन जाती आणि त्यांचे निसटलेले खुंटे, तळ गेलेले तांब्याचे घंगाळ, कुरकुरणारा पाळणा, ओगलेवाडीच्या काचकारखान्याचे नाव घरोघर नेणारा, काच फुटलेला प्रभाकर कंदील, आणि एका पोत्यात गुंडाळलेली मापे: पायली, अधोली, शेर, मापटे. चार शेरांची पायली, हे कोष्टक मुलांच्या जिभेवर असण्याचा एक काळ होता. मात्र पायल्यांचा मण मोजू लागले की हिशेब गावोगाव बदले, आणि त्या बदलातच पुष्कळशा व्यापाऱ्यांचे पोट होते. १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजने-मापे लागू होऊ लागली आणि पिढ्यानपिढ्या लख्ख घासून ठेवलेली ही पितळी, लोखंडी मापे कायद्यानेच अडगळ ठरली. वस्तू झिजते म्हणून निरुपयोगी होते असे आपण समजतो. ही मापे झिजली नव्हती, त्यांच्याभोवतालचे जग मोजण्याची रीत बदलली होती. माझा स्नेही एरवी निष्ठुर, पण पायली हाती येताच त्याने ती पंच्याने पुसून वेगळी ठेवली, आणि मी काही बोललो नाही.

दुपारी बळदाची भिंत झाडत असता जमिनीच्या कोपऱ्यात एक वाटोळी शिळा दिसली. तिच्या कडा चिखल-शेणाने लिंपलेल्या होत्या आणि ते लिंपण दगडासारखे कडक झाले होते. पहारीने ती सरकविली तो खालून कोंदट, आंबूस वाफ वर आली. मदतीस आलेला गडी मागे सरला आणि म्हणाला, "मालक, आंदी दिवा सोडा, मंग उतरा." दोरीला कंदील बांधून खाली सोडला; अर्ध्यावर जातो न जातो तोच ज्योत बारीक झाली आणि विझली. ते पेव होते. शिळा उघडी टाकून दुसऱ्या दिवसापर्यंत थांबण्यावाचून उपाय नव्हता, आणि ती सारी रात्र आम्ही ओसरीवर बसून त्या भोकाविषयीच बोलत राहिलो.

'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आज वर्तमानपत्रे खासगी शिकवण्यांपासून पुढाऱ्यांपर्यंत कोणत्याही उदंड पिकाला लावतात; पण लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी पेव पाहिले असेल. तोंड माणूस जेमतेम उतरेल इतके अरुंद, पोट मात्र घागरीसारखे फुगीर, असा हा जमिनीतला खड्डा. काळी जमीन ओल धरून ठेवते म्हणून तो शेतात न खोदता गावाच्या पांढरीत किंवा मुरमाड उंचवट्यावर खोदीत, आत आगट्या पेटवून भिंती भाजून काढीत, तळाशी व कडेने कडबा आणि भूस यांचा जाड थर देत, कडुनिंबाचा पाला पसरीत, आणि मग उन्हात खडखडीत वाळविलेली ज्वारी ओतून तोंडावर शिळा ठेवून ती लिंपून टाकीत. आत कोंडलेले धान्य श्वसन करून उरलासुरला प्राणवायू संपविते; त्यामुळे किडा मरतो आणि माणूसही मरतो. ज्या गुणाने धान्य वर्षानुवर्षे टिके त्याच गुणाने उतावळेपणाने खाली उतरलेले गडी प्राणास मुकत. कडेची ज्वारी काळवंडून जाई, मधली उत्तम निघे, आणि तिला एक उग्र वास येई. ज्या घरातल्या भाकरीला तो वास, ते घर श्रीमंत, असे माझी आजी म्हणत असे.

एवढा खटाटोप कशासाठी? कौटिल्याने सन्निधात्याकडून, म्हणजे कोशाधिकाऱ्याकडून, कोशासाठी भूमिगृह बांधवून घेण्यास सांगितले आहे. पण राजाने सोने पुरणे वेगळे आणि कुणब्याने ज्वारी पुरणे वेगळे. आमच्या मुलखातील माणसाने जमिनीखाली जागा केली ती भीतीने. पहिली भीती पावसाची. १८०३ च्या सुमाराचा दुष्काळ वऱ्हाडात फार कठीण गेला. दुसरी भीती लष्करांची. त्याच वर्षी सप्टेंबरात असईस आणि नोव्हेंबरात अडगावास लढाया झाल्या, आणि लढाई कोणीही जिंको, सैन्याची जनावरे वाटेतल्या गावाचे दाणावैरण फस्त करूनच पुढे जात. त्यामागोमाग पेंढारी, त्यांचा बंदोबस्त १८१७-१८ पर्यंत झाला नाही. पेंढारी घरात शिरले की जमिनीवर घागरभर पाणी ओतीत आणि जिथे ते चटकन मुरे तिथे खणीत, अशी हकीगत जुनी माणसे सांगत. आणि चौथी भीती, जिच्याविषयी कोणी मोठ्याने बोलत नसे, ती सरकारी जमाबंदीची. हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, वसूल पुष्कळदा मक्त्याने दिलेला असे, आणि मक्तेदाराच्या शिपायाला जे दिसत नाही त्यावर आकार बसत नाही.

पेवाचे गोडवे गाताना मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. पंधराव्या शतकात मंगळवेढ्यास दामाजीपंतांनी सरकारी कोठारे भुकेल्यांना खुली केली, ही कथा महाराष्ट्राने शतकानुशतके जपली, याचा अर्थच असा की कोठारे सहसा उघडत नसत. आषाढ-श्रावणात, पेरणी झालेली आणि घरात दाणा नाही अशा दिवसांत, पेवांच्या शिळा सरकत त्या सवाई-दिढीच्या बोलीवर: नेलेल्या मणाचा सुगीत सव्वा मण, नाही तर दीड मण परत. ज्याचे पेव त्याच्या हाती गाव. आमच्या पूर्वजांनी ते खोदविले तेव्हा त्यांच्या मनात दामाजीपंत होते की दिढी, हे विचारण्याचे धैर्य त्या रात्री मला झाले नाही. स्नेह्याने मात्र विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता तंबाखू मळावयास घेतली.

या गावाच्या नावामागचे 'राजा' हे उपपद सिंदखेडच्या जाधवरावांचे. शेजारचे सिंदखेड राजा हे जिजाबाईंचे जन्मस्थान. तेथील काळा कोट पाहिला म्हणजे साठविण्याची आणि राखण्याची ईर्ष्या केवढ्या जाडीच्या भिंती उभारू शकते याची कल्पना येते. १६२९ साली लखुजी जाधवरावांचा दौलताबादेस दरबारातच घात झाला, तेव्हा त्या भिंती काही कामास आल्या नाहीत. पुढे या घराण्याचे वैभव देऊळगावाकडे सरकले आणि बालाजीच्या देवस्थानाभोवती पेठ वाढली. १८५१ साली बाजीराव जाधवांच्या पदरच्या अरब शिपायांचा हैदराबाद कंटिंजंट फौजेशी सामना झाला, आणि त्यापायी घराण्याची वतने जप्त झाली. दोनच वर्षांनी, १८५३ च्या तहाने, वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. अशा जप्तीच्या काळात गावात किती शिळा नव्याने लिंपल्या गेल्या असतील, याचे दफ्तर अर्थातच कोणी ठेवलेले नाही.

पेवे ओस पाडली ती मात्र तलवारीने नव्हे, कापसाने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतल्या ज्वारीच्या जागी कापूस उभा राहिला. १८६७ पर्यंत लोहमार्ग नागपुरास पोहोचला, १८७० साली खामगावास फाटा गेला. कापूस पेवात घालता येत नाही. तो विकावा लागतो, आणि आलेला पैसा ठेवावयास खड्डा लागत नाही. रेल्वेने धान्य येऊ शकते असे झाल्यावर चार वर्षांची ज्वारी पुरून ठेवणे वेडेपणाचे दिसू लागले. देऊळगावास स्वतःला रेल्वे कधीच लाभली नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी झाली आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळाने दाखवून दिले की आगगाडीने धान्य येते खरे, पण ते विकत घेण्यास हाती दाम असावा लागतो. तरीही लोक पेवांकडे परतले नाहीत. १९७२ च्या दुष्काळात आमच्या घराने रेशनच्या दुकानासमोर रांगेत उभे राहून तांबडी मिलो ज्वारी आणली, आणि त्या वेळी आपल्याच पायाखाली पेव आहे हे घरात कोणाला आठवतही नव्हते.

भीती गेली तशी जागा रिकामी झाली, आणि त्या जागेत, ज्यांची आता भीतीही वाटत नाही आणि गरजही नाही अशा वस्तूंनी पाऊल टाकले. बळदाचे तळघर झाले आणि तळघराची अडगळ झाली ती अशी. याच गावात बालाजीच्या मंडपोत्सवासाठी भल्याथोरल्या लाकडी लाटा दरवर्षी उभ्या केल्या जातात; वर्षभर त्या कोणाच्या उपयोगाच्या नसतात, पण त्यांना अडगळ म्हणण्याची कोणाची छाती नाही, कारण त्यांचा दिवस ठरलेला आहे. आमच्या पाळण्याचा दिवस कोणी ठरविला नव्हता.

स्नेह्याशी माझा खरा वाद झाला तो एका रुमालावरून. रुमाल म्हणजे जुन्या अर्थाने, मोडी कागदांचे कापडात बांधलेले दफ्तर. कसरीने त्याच्या कडा खाल्ल्या होत्या. घरात मोडी वाचणारा कोणी नाही, तेव्हा हे भंगारात घालावे असे, शरमेने का होईना, मी म्हणालो. त्यावर तो जो संतापला तो थांबेना. अशाच घरांच्या माळ्यांवरून आणि तळघरांतून वि. का. राजवाडे यांनी दारोदार हिंडून मराठ्यांच्या इतिहासाची साधने उचलली आणि १८९८ पासून खंडांमागून खंड छापले. आमच्याच जिल्ह्यात या. मा. काळे यांनी वऱ्हाडचा इतिहास लिहिला. आणि तू कागद रद्दीवाल्याला तोलून देणार! मी म्हटले, त्यात काय असणार, सवाई-दिढीचे हिशेब. "तेच तर हवेत," तो म्हणाला. रुमाल तो जालन्यास घेऊन गेला आहे. मोडी शिकत आहे असे कळते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंदील तळापर्यंत जाऊन जळत राहिला. गडी उतरला. आत काही नव्हते, म्हणजे सोने नव्हते, ज्याची वहिनींना रात्रभर थोडीशी आशा होती. तळाशी भुसाचा कुजका थर आणि त्यात मिसळलेली, कोळशासारखी काळी झालेली ज्वारी निघाली. स्नेह्याने ती पायलीत भरली. पायली भरली नाही. बोटांत धरलेला दाणा तपकिरीसारखा चुरला, आणि त्याचा तो वास मात्र शिल्लक होता.

ती पायली त्याने अंगणातल्या तुळशीच्या बुंध्याशी रिती केली. शिळा पुन्हा जागेवर बसविली, या खेपेस न लिंपता. खोली झाडून, शेणाने सारवून स्वच्छ झाली. आणि यात्रेचे पाहुणे परतल्यावर मी पायऱ्या उतरून पाहिले तेव्हा त्या शिळेवर गोधड्यांची एक लोखंडी पेटी, तिच्यावर पाळणा, आणि पाळण्यात फुटक्या काचेचा कंदील ठेवलेला होता.